बाबांना विचार

डॉक्टर आईबाबांना म्हणाल्या, "सलाइनमधून गोळ्यांच्या विषबाधेवर उतारा सुरू केलाय. यकृताच्या पेशींमधली ऊर्जा बनवणारी वीजघरं चालू राहिली, तर सोनू वाचेल. तापाच्या गोळ्या नक्की किती दिल्या?" आईनं पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून कॉटवर ठेवली. "दहा. दोन दिवसांत." "एवढ्यानं यकृत इतकं बिघडत नाही. आणखी कुणी दिल्या?" कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाच दिवस नवरा-बायकोचा अबोला होता. निरोप लेकीमार्फतच जायचे. 'बाबांना सांग, पान वाढलंय.' 'आईला विचार, किल्ली कुठंय.' त्याच सवयीनं आई आत्ताही कॉटवर वाकली. "सोनू, बाबांना विचार, त्यांनी दिल्या का." पिवळ्या पडलेल्या लेकीनं डोळे उघडले नाहीत. बाबांनी शर्टाच्या खिशातून तशीच दुसरी स्ट्रिप काढून पहिलीशेजारी ठेवली. तीही रिकामी होती. पाच दिवसांनी पहिल्यांदाच त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मला वाटलं, तू तिला काहीच देत नाहीयेस."