सरळ पट्ट्यांची मोटार

मुलांनो, डोळे मिटा आणि एक पिंजरा आणा डोळ्यांसमोर. त्यात पोपट नाही. विजेच्या मोटारीत जो फिरतो त्या लोखंडी रोटरात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचाच तो पिंजरा.

इचलकरंजीच्या सुकुमार मगदुमांना काहीच वाकडं खपत नसे. लेकीचा, त्रिशलाचा, भांगसुद्धा ते रोज तपासत आणि मोडून पुन्हा सरळ पाडायला लावत. वडिलांचा मोटारींचा कारखाना हाती आला, तेव्हा त्यांना दिसलं, की पिंजऱ्याच्या सगळ्या पट्ट्या तिरप्या आहेत. "इतकी वर्षं असलं गबाळं काम?" म्हणत त्यांनी त्या सरळ करून घेतल्या.

मोठी ऑर्डर द्यायला पिठाच्या गिरण्या विकणारे चौगुले आले. त्रिशलानं मोटारीला हार घातला, सुकुमाररावांनी बटण दाबलं. मोटार घुमली, थरथरली, पण फिरली नाही.

"चांगली भजनाला बसलीय की," चौगुले म्हणाले. "आत पट्ट्या सरळ घातल्यात काय?"

"अगदी ओळंब्यात."

"मग अडकणारच. पट्ट्यांमधले रोटरचे लोखंडी दात बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या दातांसमोर एकदम येतात आणि चुंबकासारखे तिथंच धरून बसतात. पट्ट्या तिरप्या असल्या की ही पकड सुटते. तुमच्या वडिलांना ठाऊक होतं ते. तशा करा, मग ऑर्डरचं बोलू."

सुकुमारराव मोटारीचा हार काढू लागले. त्रिशलानं दप्तरातून कंगवा काढला आणि त्यांच्यासमोरच उभं राहून भांग तिरपा पाडला.