विहिरीतला राक्षस

“राक्षसाची गोष्ट अर्ध्यावर सोडू नकोस हं, तो तिथेच अडकतो,” आत्याने पुस्तक देताना बजावलं. नऊ वर्षांची मृण्मयी हसली. पण राक्षस विहिरीत उतरताच तिने घाबरून पानात केसांची पिन खोचली आणि पुस्तक कायमचं मिटलं.

पुढे आई झाल्यावर लेकीलाही तिने राक्षसांच्या गोष्टींच्या वाऱ्याला उभं राहू दिलं नाही. यंदा माहेरच्या कपाटात लेकीलाच ते पुस्तक सापडलं.

“आई, ही गंजकी पिन?”

“माझी. पुढचं नको वाचूस, घाबरशील.”

“अगं, मग तो अजून विहिरीतच आहे?”

दोघींनी पान उलटलं. राक्षस मांजराचं बुडणारं पिल्लू काढायला उतरला होता. पिल्लाला खांद्यावर घेऊन तो वर आला, तेव्हा मृण्मयीने डोळे पुसले.

तुमचाही एखादा राक्षस अर्ध्या पानावर राहिला असेल. जरा बघून या.