म्हाळूची झील

दगडाबाईनं दारातल्या आंब्याचा मोहर काठीनं झोडपून काढला, गोळा केला आणि मेंढरांपुढं टाकला. एक तुरा शिल्लक दिसता कामा नये. बांधावरचा पळस तर तिनं गेल्या आठवड्यातच तोडवून घेतला होता. सिरसाळ्याची माणसं हसली, तर हसू देत.

आत तिचा नवरा म्हाळू बाजेवर पडून होता. दिवाळीत धुळाजी भगताच्या अंगात देव आला आणि सगळ्यांसमक्ष बोलला, "झाडं फुलली की ह्याला नेतो." तेव्हापासून म्हातारीला दुसरं काम नव्हतं. माघ उलटत आला, तरी ती नवऱ्याला सांगायची, "आजून पौषच हाय. निजा गपगुमान."

आणि नातच वैऱ्यासारखी वागायला लागली! ऋतुजाच्या शाळेनं इंग्रजी समूहगीत बसवलं होतं. शनिवारी परळीला स्पर्धा. पहिल्या रांगेनं ओळ म्हणायची, मागच्या रांगेनं ती उचलायची. आज सुट्टी, म्हणून पोरगी ओट्यावर बसून सकाळपासून तेच घोळवत होती.

"कुणाला गं बोलवाय लागलीस?" दगडाबाईनं विचारलं.

"वसंत ऋतूला. ये, लवकर ये, असं चारदा म्हणायचं."

म्हातारीनं हातातली काठी ओट्यावर आपटली. "अगं मेले, ह्याच घरात बोलवायचं व्हय त्याला? गप!"

आतून म्हाळूचा आवाज आला, "गाऊ दे की पोरीला."

ऋतुजानं हळूच ओळ म्हटली. आतून झील आली. म्हाळूनं जन्मभर धनगरी ओव्यांत झीलच धरलेली. पुढच्यानं ओळ टाकली की मागून उचलायची. पण हे इंग्रजी! शब्द न् शब्द बरोबर, आणि आवाज कसा खणखणीत! दिवाळीपासून म्हाताऱ्याला धड खोकताही येत नव्हतं. दगडाबाईला हसू आलं, रडूही फुटलं. उगंच भ्याले मी, तिला वाटलं. "म्हण गं बाय, आजून म्हण!"

दुसऱ्यांदा झील आली, तिसऱ्यांदा आली. चौथ्यांदा ती आधीच आली.

"आजी," ऋतुजा पुटपुटली, "मी आजून म्हणलंच न्हाई."

दगडाबाई आत गेली. सकाळी उशाशी ठेवलेला चहा तसाच होता, त्यात मुंग्या मरून पडल्या होत्या. म्हाळूचं अंग लाकडागत ताठ झालं होतं. जबडा घट्ट मिटलेला. आणि झील चालूच होती, बाजेच्या उशाकडून. पुढून ओळ येईना, तशी ती बारीक बारीक होत चालली.

म्हातारीनं दाराची चौकट धरली.

"कावून थांबलीस गं पोरी?" ती ओरडली. "म्हण! थांबू नगं, म्हण!"