सव्वा तासाचं अंतर

“नागपूर-पुणे विमानानं जेमतेम सव्वा तास, बाबा! लांब कुठंय?” पुण्यात आयटीची नोकरी लागल्यापासून मी हेच ऐकवत आलोय. घरी मात्र वर्षभर गेलो नव्हतो. शेवटी बाबाच आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. आईला रात्री एकटं ठेवता येत नाही, म्हणून संध्याकाळच्या विमानानं लगेच परत जाणार होते. “तू फक्त विमानतळावर ये. घडीभर बसू. संत्रा बर्फी आणतो,” म्हणाले.

मीटिंग अर्धवट टाकून मी हिंजवडीतून निघालो. वाकडच्या पुलाखाली कॅब अडकली ती अडकलीच. पुढे खडकीत रस्ता खणलेला. मी ड्रायव्हरवर ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, “उडवत नेऊ का साहेब?” बाबांचा फोन बंद लागत होता. रागावले असणार. आज तरी त्यांचं विमान लेट होऊ दे, एवढंच म्हणत मी बसून राहिलो.

येरवड्याच्या सिग्नलला एकदाचा त्यांचाच फोन आला.



“अरे, मी उतरलो नागपूरला. तू कुठपर्यंत आला?”