मुरूडला, सहजच

शिडाची होडी राजपुरीच्या धक्क्यावरून सुटली आणि झिनतची खात्री पटली. आपल्याला दाखवायला आणलंय.

"सहजच जाऊ गं मुरूडला. दर्या बघू, जंजिरा बघू," असं अब्बा म्हणाले होते. आता सांगा, अब्बांचं, म्हणजे मुनाफभाईंचं, कुंभिवलीच्या नाक्यावर टायरचं दुकान. जुम्म्याची नमाज सोडली तर शटर खाली ओढणारा माणूस नव्हे तो. तो काय सहज सहलीला निघतो? त्यांच्यात रीतच होती ही. मुलीला काही सांगायचं नाही, फिरायला म्हणून न्यायचं, आणि तिकडची माणसं "अरे, तुमी पण इथंच?" म्हणत भेटायची. म्हणजे पोरगी अवघडत नाही, आणि नकार आला तरी बोभाटा होत नाही.

आणि भेटलीच माणसं. होडीत समोर श्रीवर्धनच्या अमिरुन्निसाबाई बसल्या होत्या, अब्बांच्या कुणा दोस्ताच्या नात्यातल्या. शेजारी गॉगल लावलेला, रुंद खांद्यांचा तरुण. "हा आमचा ओवेस," त्या म्हणाल्या. अब्बा मेंदी लावलेल्या दाढीवरून हात फिरवत पाण्याकडे बघत राहिले. ताकास तूर लागू देईनात.

झिनतला लग्नाची भीती नव्हती, काळजी होती अब्बांची. अम्मी गेल्यापासून हा माणूस समोरचा चहा प्यायचाही विसरायचा. आपण सासरी गेलो तर यांनी बोलायचं कुणाशी, भिंतींशी? मागची दोन स्थळं तिने असंच काहीबाही बोलून परतवली होती. हेही परतवायचं, बस.

किल्ल्यात ओवेस अब्बांबरोबर तोफा बघत पुढे गेला आणि अमिरुन्निसाबाई झिनतच्या बरोबरीने चालू लागल्या. तळ्याकाठच्या शेवाळलेल्या पायरीवर झिनतचा पाय सरकला, तर त्यांनीच दंड धरून सावरलं. बाई वाईट नव्हती. तेच तर अवघड होतं.

"सैपाक तूच करतेस गं घरात?"

"मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नाय मला."

"एका घरात दोन बाया असल्या की भांड्याला भांडं लागतंच," त्या समजुतीने म्हणाल्या.

"माझ्या भांड्याला लागलं ना, खाला, तर मी दुसरं भांडंच उचलून बाहेर फेकते."

अमिरुन्निसाबाई हसल्या, पण तोंडापुरतं. झिनतला मनातून स्वतःचीच लाज वाटली. पण आता माघार घेऊन चालणार नव्हतं.

दुपार कलल्यावर सगळे मुरूडच्या किनाऱ्यावर आले. वाळू तापलेली, घोडागाड्या पळत होत्या. अब्बांनी शहाळी आणली आणि पहिलं अदबीने अमिरुन्निसाबाईंच्या हातात दिलं. मुलीचा बाप, वाकणारच, झिनतने ओठ चावला. तिला ते बघवेना.

ओवेस फोनवर बोलत पाण्याच्या कडेला गेला. अमिरुन्निसाबाई तिच्याजवळ सरकल्या.

"एक विचारू, झिनत? उद्या तू लग्न करून गेलीस तर अब्बांचं कसं गं?"

हीच संधी हवी होती. एक घाव, दोन तुकडे.

"मी जायचीच नाय. अब्बांना मी हाय, मला अब्बा हायत. आमच्या दोघांत तिसरं कुणी आलेलं मला चालायचं नाय, खाला. आलंच तर सुखानं राहू देणार नाय मी त्याला."

बाईंनी शहाळं वाळूत ठेवलं. मग उठून सुरूच्या झाडांखाली उभ्या असलेल्या अब्बांकडे गेल्या. काय बोलल्या ते लाटांच्या आवाजात ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की अब्बांनी मान खाली घातली. जाताना बाईंनी झिनतच्या डोक्यावरून हात फिरवला, ओवेसला हाक मारली आणि त्यांची गाडी निघून गेली.

परतीच्या वाटेवर पेण मागे पडलं. अब्बा गाडी चालवत होते. झिनतच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, तरी आत कुठेतरी टोचत होतं.

"नकार दिला ना त्यांनी?" तिने हळूच विचारलं.

"हां. म्हणाल्या, तुमच्या लेकीबरोबर एका छपराखाली माझं निभायचं नाय."

"बरं झालं. खरं सांगू अब्बा, मी मुद्दामच तशी बोलले. तुमाला एकटं टाकून मला कुठं जायचं नाय. त्या ओवेसला मिळंल की दुसरी कुणी."

"ओवेस त्यांचा भाचा. त्याला बायको हाय, लेकरं हायत. गाडी चालवायला आलेला तो." मुनाफभाईंनी समोरच्या ट्रकला वाट दिली आणि रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "बाई मला बघायला आलत्या, बेटा."