गुरुवारची ओपीडी

मी हाडांचा डॉक्टर. इथे परदेशात, शॉमबर्गला रिटायर झालो आणि गुडघा दाखवायला कुणी येईना. तेव्हा शेजारच्या पीएचडीवाल्या गिरिजानं मला ऑनलाइन फँटसी रग्बी लीगमध्ये ओढलं. तिथे खऱ्या खेळाडूंची टीम निवडायची. ते खेळले की गुण आपल्याला. जखमी घेतला तर शून्य. म्हणून दर गुरुवारी ती जखमींची यादी आणायची. "काका, हा गुडघा शनिवारी चालेल?" मी दुखापत वाचून नावापुढे पेन्सिलीनं 'फिट' लिहायचो. आज आमचे गुण बघायला मीच साइट उघडली. सीझन महिन्यापूर्वीच संपलेला! चार गुरुवार मला बनवलं? खडसवायचं ठरवलं, तेवढ्यात बेल वाजली. गिरिजा यादी घेऊन दारात. "काका, हा खेळेल ना?" नावापुढे माझंच जुनं 'फिट' होतं, अर्धवट खोडलेलं. मी चष्मा पुसून पुन्हा 'फिट' लिहिलं. "खेळेल. पण पुढच्या गुरुवारी परत दाखव."