वऱ्हाडी

कापसाच्या तेजीत बाबा दरसाल अकोल्याहून मुंबईला गाड्या घेऊन जात आणि परतल्यावर गिरगावातल्या खानावळीच्या गोष्टी सांगत: भाताचा ढीग, नारळाची आमटी, तळलेले बोंबील. त्यांनी भाकरी मागितली की मालक विचारी, “आले वऱ्हाडी, लग्न कोणाचं?” हे सांगताना बाबाही हसत. यंदा त्याच खानावळीत ते म्हणाले, “मले कसंतरी होऊन राहिलं, वैद्याले बोलवा.” बोली ऐकून पंगत हसली. वैद्याला कुणी बोलावलं नाही; बाबा तिथेच गेले. गाडीवानाने घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा भावाला घेऊन मी मुंबई गाठली. मालक पंगतीत पाणी वाढत होता, हातात बाबांचं नाव कोरलेला तांब्या. भावाने ‘आमाले’ म्हणताच तो मोठ्याने हसला, “आले वऱ्हाडी, लग्न कोणाचं?” “आमी मयताचे वऱ्हाडी हावो, मालक,” मी म्हणाले. “माह्या बापाचा तांब्या खाली ठेवा.”